न तुटलेली कडी

लोखंड आतून भरीव असतं, अशी ज्याची समजूत असेल त्यानं एकदा धाराशिवला यावं आणि विद्यापीठाच्या उपकेंद्रात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, शिवकन्येच्या टेबलापाशी घटकाभर बसावं. समजूत तिथंच गळून पडेल. शिवकन्येचीही तशीच गळून पडली होती.

पीएच.डी.ला आली तेव्हा तिला वाटलं होतं, गंज म्हणजे काय, ओल लागली की लोखंड तांबूस होतं, झालं. यात ऐन उमेदीची वर्षं घालवण्यासारखं काय आहे? तिचे मार्गदर्शक प्रसेनजित सर बोलायला भारी कंजूष. त्यांनी भाषण दिलं नाही. पोलादाचा एक पातळ पत्रा घेतला आणि दोन काचेच्या भांड्यांच्या मधोमध घट्ट आवळून बसवला. अलीकडच्या भांड्यात पातळ केलेलं ॲसिड, त्यात वीज सोडली. पत्र्यावर बारीक बुडबुडे धरू लागले. हा हायड्रोजन. पलीकडच्या भांड्यात नुसतं स्वच्छ द्रावण आणि त्याला जोडलेला मीटर. "आता बघत बस," एवढं म्हणून सर चहाला निघून गेले.

मीटर बराच वेळ शून्यावर ठाण मांडून होता. शिवकन्येला पेंग यायला लागली. आणि मग आकडा हलला. आधी उगाच हलल्यासारखा, मग सावकाश, न थांबता वर चढत गेला. अलीकडं जन्मलेला हायड्रोजन पलीकडं पोचला होता! पत्र्याला भोक नव्हतं, चीर नव्हती, कडेनं गळती नव्हती. अख्ख्या पोलादातून काहीतरी चालत गेलं होतं. तिनं पत्रा सोडवून खिडकीच्या उजेडात धरला, उलटून पाहिला, बोटानं चाचपला. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"सर, हे भिंतीतून जातंय," सर परत आल्यावर ती म्हणाली.

"भिंत आपल्याला वाटते. त्याला ती आमराई आहे. झाडाझाडांमधून निघून जातं."

पण खरी गंमत, किंवा खरी भीती, सरांनी दुसऱ्या दिवशी दाखवली. कडक पोलादाची एक पट्टी त्यांनी तिच्या हातात दिली. वाकवली की वाकायची, सोडली की टणकन सरळ व्हायची. तीच पट्टी त्यांनी विजेच्या ऋण टोकाला बांधून ॲसिडात ठेवली, भरपूर हायड्रोजन पाजला आणि पुन्हा तिच्या हातात दिली. दिसायला जशीच्या तशी. शिवकन्येनं जरा वाकवली आणि टक्! पापड मोडावा तशी पट्टी मोडली. पोलाद जितकं कडक, तितकं ते या चिमुकल्यापुढं लवकर हात टेकतं, सर म्हणाले. उपायही साधा आहे. भट्टीत चांगलं तापवलं की तो आला तसा निघून जातो आणि पोलाद पुन्हा पहिल्यासारखं होतं. मुलामा दिलेले बोल्ट कारखान्यात याचसाठी तापवतात. शिवकन्येनं तुकडे दप्तराच्या कप्प्यात जपून ठेवले आणि त्या दिवसापासून ती त्या विषयाची झाली ती झालीच.

आता तिच्या गावाकडं जाऊ, कारण गोष्ट तिकडची आहे.

अणदूरच्या पुढं नळदुर्गच्या वाटेवरून आत वळलं की खडकमाळ लागतं. गाव लहान, पण खंडोबा जागता. चंपाषष्ठीला तिथं लंगर तुटतो. लंगर म्हणजे देवाची लोखंडी साखळी. तिचं एक टोक देवळापुढच्या दगडी खांबाला गुंडाळायचं, दुसरं मानकऱ्यानं हाताला लपेटायचं, देवाचं नाव घ्यायचं आणि असा हिसका मारायचा की साखळी तुटली पाहिजे. तुटली की भंडारा उधळायचा, येळकोट करायचा. वरीस चांगलं जाणार. मग तुटल्या जागी नवी कडी बसवून लंगर वर्षभर देवळात खुंटीला टांगून ठेवायचा. त्याला मधे कुणी शिवायचं नाही. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. लंगराचा मान शिवकन्येच्या घराण्यात, आणि गेली पंचवीसएक वर्षं तो तिचे वडील माणिकप्पा चालवत आले होते. आप्पांचा हिसका एकच असायचा. दुसरा कधी लागला नाही.

कडी करायचा गावचा लोहार. मऊ लोखंड तापवून, वळवून, ठोकून जोडायचा. पण लोहाराची पोरं पुण्याला गेली, भाता बंद पडला. दोन वर्षांमागं लंगर तुटला तेव्हा नवी कडी आणायचं काम गावच्या तरुण मंडळानं अंगावर घेतलं. आता या पोरांना काय म्हणावं! देवाच्या कामाला हलकी वस्तू कशाला, म्हणून त्यांनी सोलापुरात दुकानं पालथी घातली आणि क्रेनच्या साखळीतली सगळ्यात कडक, सगळ्यात दणकट कडी घेऊन आले. वेल्डिंगवाल्याकडून ती पक्की बसवून घेतली. तोडायच्या साखळीला न तुटणारी कडी लावतोय, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. त्यांची भक्ती खोटी होती असं मात्र कुणी म्हणू नये.

पुढच्या चंपाषष्ठीला आप्पांनी हिसका मारला आणि लंगर तुटला नाही. हजार माणसाच्या तोंडचा येळकोट तोंडातच राहिला. दुसरा हिसका. नाही. तिसऱ्याला आप्पा स्वतःच ओढले गेले आणि तोंडावर पडले. कपाळाला भंडारा आणि रक्त एक झालं. शिवकन्या बायकांच्या गर्दीतून बघत होती. कुणी हसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही, आणि तेच जास्त लागलं.

त्यानंतर वर्षभर आप्पा देवळाची पायरी चढले नाहीत. जेवायचे, शेतात जायचे, विचारलं तेवढं बोलायचे. एकदा हरणाआत्या, म्हणजे आप्पांची थोरली विधवा बहीण, जिनं आईविना शिवकन्येला वाढवलं, तिनं रागानं विचारलं, "माणिक, देवानं काय घोडं मारलंय तुजं?"

"त्येनं न्हाय आक्का," आप्पा म्हणाले. "म्याच कुठंतर चुकलो आसन. त्येला माजा हात नगं झालाय. औंदा बी न्हाय तुटला तर मान देवापुढं ठिवतो, आन् पुन्ना त्येच्याफुडं जात न्हाय."

हे आत्यानं शिवकन्येला फोनवर सांगितलं. मान गेला तर जाऊ दे, घराण्यात पुढं मुलगा नव्हताच. पण देवाला आपला हात नको झालाय, असं मनात घेऊन आप्पांनी उरलेलं आयुष्य काढायचं? तिला ते सहन होईना. त्यात रीत अशी की न तुटलेली कडी बदलायची नाही. देवानं ती ठेवून घेतली, ती तशीच राहणार. म्हणजे आप्पांच्या समोर याही वर्षी तीच क्रेनची कडी!

कडक पोलादाची कडी. शिवकन्येच्या डोळ्यांपुढं ती टक् मोडलेली पट्टी उभी राहिली.

चंपाषष्ठीच्या आधी लंगर घासून लख्ख करायचं काम मानकऱ्याच्या घरातल्या बायकांचं असतं. आत्या दरवर्षी चिंच आणि राखेनं घासायची. या वर्षी शिवकन्या गावी गेली आणि म्हणाली, "आत्या, तुझे हात दुखतात. मी आमच्या लॅबमधी विजेनं साफ करून आणते. चांदीगत दिसंल."

"विजेनं? देवाला शॉक देतीस का काय?" आत्या हसली, पण हात खरंच दुखत होते. मान त्यांचा, म्हणून आप्पा देवळाची पायरी चढले आणि खुंटीवरून लंगर उतरवून आणला. वर्षभरात पहिल्यांदा त्यांचा हात त्याला लागत होता. त्यांनी तो डोळ्यांना लावला नाही. पोत्यात गुंडाळला आणि तिच्याकडं सरकवला.

विजेनं गंज काढतात हे खोटं नव्हे. साखळी ऋण टोकाला बांधायची, द्रावणात सोडायची, वीज चालू करायची. वरचा गंज सुटून येतो आणि खालचं लोखंड स्वच्छ होतं. बाकीची साखळी शिवकन्येनं अशीच प्रामाणिकपणे साफ केली. पण ती एक कडी तिनं वेगळ्या भांड्यात, ॲसिडात सोडली. पोलादावर जन्मलेला बहुतेक हायड्रोजन बुडबुडे होऊन उडून जातो. तो उडू नये, आत शिरावा, म्हणून एक पांढरी भुकटी चिमूटभर टाकतात. प्रयोगशाळेत तिला विषच म्हणतात. तोपर्यंत शिवकन्या साखळी साफ करत होती. चिमूट सुटली आणि ती लबाडी करू लागली. हे तिचं तिला लख्ख कळत होतं, आणि तरी तिनं चिमूट सोडली.

प्रसेनजित सर येता येता थांबले. "कुणाचं सॅम्पल?"

"गावाकडची साखळी आहे, सर. गंज काढतेय."

सरांनी भांड्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि पुढं गेले. शिवकन्येला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं.

कडी गरम जागी राहिली तर हायड्रोजन हळूहळू निसटतो, म्हणून तिनं लंगर थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ भरून त्यात ठेवला आणि नळदुर्गची एस.टी. पकडली. खोक्यातून पाणी ठिबकत होतं.

"काय हाय त्यात, मासे का?" कंडक्टरनं विचारलं.

"देवाचं हाय," ती बोलून गेली.

कंडक्टरनं पायातली चप्पल काढून खोक्याला हात लावला, नमस्कार केला आणि एका धडधाकट माणसाला उठवून तिला जागा करून दिली. शिवकन्या खोकं मांडीवर घेऊन बसली. बर्फाचं पाणी कपड्यातून झिरपत होतं, पण ती खिडकीबाहेरच बघत राहिली. कंडक्टरच्या डोळ्याला डोळा द्यायची तिची छाती होईना.

घरी आप्पांनी लंगर हातात घेतला, वजन तोललं. "लई गार हाय ग," म्हणाले. मग तो घेऊन देवळाकडं गेले. रात्री मानकऱ्यानं लंगराजवळ बसायचं असतं; ते पुरुषांचं काम, बायका त्या बाजूला जात नाहीत. शिवकन्या आत्याबरोबर रोडग्याचं पीठ मळत बसली.

चंपाषष्ठीचा दिवस उजाडला. ऊन वर आलं तसं देवळापुढचं पटांगण भरलं. माणूस माणसाला चिकटलेलं, हवेत भंडारा, हलगी आणि संबळ एकमेकांवर कडी करत होते. लंगराचं टोक खांबाला गुंडाळलं. आप्पा पुढं आले. वर्षभरात केवढे वाळले होते! अंगरखा खांद्यावरून घसरत होता. शिवकन्येला एकाएकी वाटलं, ओरडावं, थांबवावं, सगळं सांगून टाकावं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

आप्पांनी साखळी हाताला लपेटली. गाभाऱ्याकडं बघितलं नाही. खाली मातीकडं बघितलं. पाय रोवले. आणि कमरेपासून सगळं अंग पिळून असा हिसका मारला की त्यांच्या घशातून बैलासारखा हुंकार निघाला.

साखळीचं मोकळं टोक सापासारखं हवेत उसळलं.

पटांगणाचा जो काय आवाज झाला तो अणदूरला ऐकू गेला असेल. येळकोट येळकोट जय मल्हार! पिवळ्या धुरळ्यात काही दिसेना. दिसले तेव्हा आप्पा गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर आडवे पडलेले होते, दोन्ही हात पुढं, आणि खांदे गदागदा हलत होते. साठीच्या घरातला माणूस लेकरासारखा रडत होता. बायकांनी शिवकन्येला कवटाळलं. कुणीतरी म्हणालं, पोरीनं लंगर उजळून आणला, तिच्या हाताला यश आलं बघा. बापाला सुख मिळालं होतं आणि ते आपण दिलेलं बनावट नाणं होतं, असंच ती धरून चालली होती.

दुपारी घरात भरीत-रोडग्याची पंगत झाली. आप्पा हसत होते, वाढताना आग्रह करत होते, तुटल्या कडीचे दोन्ही भाग देव्हाऱ्यात ठेवून पुन्हा पुन्हा तिकडं बघत होते. शिवकन्येला घास उतरेना.

"खा की ग," आत्या म्हणाली. "तुज्या बापानं बी रातच्याला कायी खाल्लं न्हाय. धुनीपशी नुसता बसून. इंगळावर इंगळ वढत हुता म्हनं लंगरावर. म्हनला, औंदा लई गार आलाय, चांगला शेक बसू दे."

शिवकन्येच्या हातातला रोडगा ताटात पडला. "धुनीत? लंगर धुनीत ठेवतात?"

"मंग! गवऱ्याच्या इंगळात पुरत्यात, रातभर. शेक दिल्याबिगर देवाच्या कामाला घेत्यात व्हय? तुला ठावं न्हाय?"

नव्हतं ठाऊक. जन्म याच घरात गेला, आणि रात्री देवळामागं काय होतं ते बाईच्या जातीला कुणी दाखवलं नाही की तिनं विचारलं नाही. शिवकन्या ताटावर तशीच बसून राहिली. बोल्ट भट्टीत तापवतात, त्यातला हायड्रोजन काढायला. तिनं शिकलेल्या विद्येचा पहिला धडा! रात्रभर इंगळात पुरलेल्या कडीत तिची ती चिमूटभर लबाडी कुठून राहणार? पहाटेपर्यंत सगळी उडून गेली असणार.

मग कडी तुटली कशी?

आप्पांना विचारून तिनं कडीचे तुकडे फडक्यात बांधून घेतले आणि दुसऱ्या दिवशी उपकेंद्र गाठलं. सरांपुढं तुकडे ठेवले आणि सगळं सांगून टाकलं: चिमूट, बर्फ, धुनी, सगळं.

"माणसाला फसवायला निघालीस, ते तुझं तू निस्तर," सर म्हणाले. "पण न बघता 'असं झालं असेल, तसं झालं असेल' म्हणतेस, ते माझ्या लॅबमध्ये चालायचं नाही. लाव सूक्ष्मदर्शकाखाली."

तुटलेलं पोलाद कसं तुटलं ते लपवत नाही. हायड्रोजननं मोडलं तर तोंडावर खडीसाखरेसारखे चमकते दाणे दिसतात, कण कणापासून सुटलेला. ओढून तोडलं तर चमक नसते. करडं, तंतूतंतूंचं, ताणून फाटलेलं. शिवकन्येनं श्वास रोखून नळीला डोळा लावला. दिव्याचा झोत फिरवला. करडं. इकडून करडं, तिकडून करडं. चमकता दाणा औषधालासुद्धा नव्हता. पोलाद ताणलं गेलं होतं, बारीक झालं होतं, शेवटपर्यंत धरून राहिलं होतं आणि मग फाटलं होतं. म्हणजे तिच्या लबाडीचा यात काडीचाही भाग नव्हता. हे आप्पांच्या हातांनी केलं होतं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि भिंगाखालचं सगळं पुसट झालं. डोळे पुसून तिनं परत पाहिलं, तेव्हा ते दिसलं. जोडाच्या बाजूला, कडेला लागून, एक गडद कोर होती. तांबूस-काळी, नखाच्या चंद्राएवढी. मळ असेल म्हणून तिनं ॲसिटोनचा बोळा फिरवला. गेली नाही.

"सर, हा गंज आहे."

सर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी त्या कोरीच्या एका टोकावरचा गंज हलकेच उतरवला. वेल्डिंगवाल्याची चूक असती तर खाली गुळगुळीत, कधी न जुळलेलं तोंड निघालं असतं. खाली तेच निघालं: ताणून फाटलेलं करडं पोलाद.

"हे आधी फाटलंय," सर म्हणाले. "बाकीचं काल फाटलं. हे कधीतरी आधी, जोरानं. मग चिरेत ओल शिरली, गंज चढला. तुझी वीज बाहेरून घासून गेली, पण चिरेच्या पोटात ती पोचत नाही, म्हणून हा राहिला. कालच्या आधी ही कडी कधी ओढली होती?"

"गेल्या चंपाषष्ठीला."

"मधे कुणी ओढली?"

शिवकन्येनं मान हलवली. मधे कुणी नाही. मधे लंगराला कुणी शिवत नाही.

तिनं त्या कोरीकडं पाहिलं. एका माणसानं एका दुपारी लावलेला जोर तिथं जसाच्या तसा होता. त्यावर पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि गंजानं, ज्याला जग नासाडी म्हणतं त्यानं, तो पुसला नाही. रंग देऊन दाखवला. पत्र्यातून हायड्रोजन चालत गेला त्या दिवशी आला होता तसाच काटा तिच्या अंगावर आला, पण या खेपेला तिला हात जोडावेसे वाटले. तिनं जोडले. सरांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

त्याच आठवड्यात ती आप्पांना धाराशिवला घेऊन आली. आप्पांनी दाराबाहेर वहाणा काढल्या. स्टुलावर अवघडून बसले, काचेच्या भांड्यांना धक्का लागू नये म्हणून हात मांडीखाली दाबून. शिवकन्येनं आधी कबुली दिली. तिला वाटलं होतं, लांबवून, सावरून सांगू; पण एका दमात बोलून गेली. कडी कमजोर करायला काय केलं, का केलं. धुनीनं ते सगळं कसं उडवून लावलं.

आप्पांचा चेहरा उतरला. "म्हंजी तुजा भरवसा न्हवता माज्या हातावर," ते हळूच म्हणाले.

"न्हवता, आप्पा." तिनं नजर चुकवली नाही. "मला लई भीती वाटली. तुमी परत पडताल म्हनून."

तिनं त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी नेलं, एक डोळा मिटायला शिकवलं, दिवा नीट केला. बराच वेळ त्यांना काही दिसेना, नुसत्या स्वतःच्या पापण्या. मग ते एकदम स्तब्ध झाले.

"हे डोंगर कसले?"

"तुमी तोडलेली कडी हाय ती. हे करडं दिसतंय न्हवं, ते परवा फाटलं."

"लई वढलंय ग त्येला." त्यांचा आवाज खाली आला. "दुखलं आसंल की."

"आन् कडंला बघा. तांबडं हाय थोडं."

"हाय. चंद्रावानी."

"तो गंज हाय, आप्पा. तेवढं आधीच फाटलेलं व्हतं. गेल्या साली. तुमी पडलात त्या दिशी ती तुटायला लागली व्हती. वरून कुणाला दिसलं न्हाय, एवढंच."

आप्पांनी नळीवरचा डोळा काढला नाही. शिवकन्येला फक्त त्यांची मान दिसत होती, उन्हानं रापलेली, सुरकुतलेली. ती मान हलायला लागली.

"तुजी चूक बारकी हाय पोरी," ते तसेच वाकून म्हणाले. "म्या वरीसभर त्येच्यावर रुसून बसलो. आन् त्यो माज्यासाठी निम्मा तुटून, तितं खुंटीला टांगून व्हता."

बाहेर वर्ग सुटल्याचा गलका झाला. सर दारात आले, आतलं बघितलं आणि दार लोटून घेतलं. आप्पा अजून त्या तांबड्या कोरीकडंच बघत होते, आणि शिवकन्येनं दिवा जरा मोठा केला.